साहेब, ऑफिस पेपरलेस करायचंय ना?

अभिनंदन साहेब, तुमचं ऑफिस पेपरलेस करायचा आदेश निघालाय म्हणे. अजिबात घाबरू नका. या बाबतीत आपण खान्देशवाले जुने खेळाडू. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला दिलं गेलं. खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. तेव्हा अनुभव भरपूर आहे, मी फक्त उजळणी करून देतो.

पहिलं काम, समोरच्या झेरॉक्सवाल्याशी दोस्ती करा. पेपरलेस कारभार त्याच्याच जिवावर चालतो. अर्ज ऑनलाइन भरून घ्या, मग त्याची प्रिंट मागा, प्रिंटला आधारची झेरॉक्स जोडायला लावा, झेरॉक्सवर सही घ्या आणि सगळं स्कॅन करून पुन्हा अपलोड करायला सांगा. फाईल इतकी बारीक मागायची, की दाबून दाबून अक्षरच दिसू नये. मग 'कागदपत्र अस्पष्ट' म्हणून परत पाठवायला तुम्ही मोकळे.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो आणि सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्यावरच छापलेलं असतं. ती ओळ वाचायची नाही. कागद उलटासुलटा करून म्हणायचं, "यावर तलाठी भाऊसाहेबांचा शिक्का कुठाय?"

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचं तेवढं सांभाळा. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही, तर 500 ते 5000 रुपये दंड तुमच्या खिशातून जाऊ शकतो. पण मुदत मोजतात ती पूर्ण भरलेल्या अर्जाची. म्हणून अर्ज नाकारायचा नाही, शेवटच्या दिवशी 'त्रुटी' काढायची. एका वेळी एकच! सगळ्या एकदम सांगितल्या तर माणूस पुढच्या वेळी काम करून घेऊन जाईल की.

आणि अंगठा. अंगठ्याचं मशीन ठेवाच. आमचे काका केळीवाले. जन्मभर घड कापून चिकाने बोटं काळी पडलेली, रेषा कधीच्या झिजल्या. मागच्या महिन्यात केंद्रावर गेलो. अंगठा लागेना. मशीनवरच्या पोराने काच पुसली, काकांनी अंगठा धोतराला पुसला. मग लिंबू घासून आले. मग डावा अंगठा, मग एकेक करत दहाही बोटं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पायनंबी दखाडी दे भाऊ." तेवढ्यात पोराने मान वर केली, "सर्वर डाऊन शे. सकाय या." पाहा, दोष ना मशीनचा ना तुमचा. बोटंच नापास!

अंगठा नसेल तर ओटीपी आहेच. काकांच्या आधारला नंबर जोडलाय पुतण्याचा आणि पुतण्या असतो सुरतला, लूमवर. खान्देशातल्या निम्म्या घरांचे ओटीपी सुरतलाच जात असावेत. तिथे कारखान्यात मशीनच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही. पाळी सुटल्यावर तो फोन बघतो, तोवर ओटीपीची दहा मिनिटं कधीच संपलेली. त्या दिवशी काका तुमच्या 'घरबसल्या सेवा'च्या बोर्डाखाली उकिडवे बसून, कानाला फोन लावून ओरडत होते,

"वना का रे? आकडा वना का?"