‘मॅनेज्ड’ म्हणजे ‘फक्त वाचा’ नव्हे: जँगोबद्दलच्या संदेशाचा खुलासा

‘जुन्या डेटाबेसवर इन्स्पेक्टडीबी चालवू नका, टेबलं बदलतात, आणि मॉडेलमध्ये मॅनेज्ड फॉल्स असेल तर टेबलात लिहिता येत नाही,’ असा संदेश जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवण्याची फ्रेमवर्क) वापरणाऱ्या डेव्हलपर गटांत फिरतो आहे. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

इन्स्पेक्टडीबी ही जँगोची कमांड टेबलांची रचना फक्त वाचते आणि मॉडेलचा, म्हणजे टेबलाचं वर्णन करणाऱ्या पायथन क्लासचा, कोड स्क्रीनवर छापते. डेटाबेसला ती हात लावत नाही. मॅनेज्ड फॉल्स या मॉडेलमधल्या सेटिंगचा अर्थ जँगोच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट दिला आहे: टेबल तयार करणं, बदलणं, काढून टाकणं जँगो करणार नाही. सेव्ह आणि डिलीट मात्र नेहमीसारखेच चालतात. म्हणून हा संदेश मला धोकादायक वाटतो. ‘लिहिता येत नाही’ या ओळीवर विसंबून कुणी चालू डेटाबेसवर निर्धास्त प्रयोग केले, तर नोंदी खरोखर पुसल्या जातील. फक्त वाचायचं असेल तर डेटाबेसच्या युजरलाच तेवढीच परवानगी द्या.

पडताळायचं असेल तर अशा मॉडेलच्या मायग्रेशनवर (टेबलांतले बदल नोंदवणाऱ्या फाइलवर) एसक्यूएलमायग्रेट ही कमांड चालवा; ती त्या फाइलचं एसक्यूएल फक्त दाखवते. टेबल तयार करणारी एकही ओळ दिसणार नाही.

इन्स्पेक्टडीबीने छापलेला कोड मात्र तसाच वापरू नका. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे नेणारे दुवे) ‘डू नथिंग’ने येतात, म्हणजे ती नोंद पुसली तरी जँगो काही करत नाही; त्या तपासा. प्रायमरी की (प्रत्येक नोंद ओळखणारा कॉलम) नसलेल्या टेबलांकडे विशेष लक्ष द्या: मॉडेलमध्ये ती नेमली नाही तर जँगो ‘आयडी’ कॉलम गृहीत धरतं आणि क्वेरी फसते.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.