मनोरंजनाचा खर्च

माझं प्रवासखर्चाचं बिल परवा परत आलं. कारण एका ओळीत दिलं होतं: जोडलेला कागद ही नाट्यप्रयोगाची जाहिरात आहे, मनोरंजनाचा खर्च नियमात बसत नाही. रक्कम रुपये 380. हे लिहिणारा कुठल्या खंडात बसतो देव जाणे, पण त्याने ती देवनागरीतली जाहिरात कुणाकडून तरी वाचून घेतली, हे मानलं पाहिजे. एवढी मेहनत, तीही 380 रुपये न देण्यासाठी.

मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत सामाजिक धोरण संशोधनाची इंटर्न आहे. काम असं की गोव्यात सत्तरी-डिचोलीतल्या घरांत जाऊन बायकांना विचारायचं, गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याचे 1500 रुपये जातात कुठे? (2024 मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण आली तेव्हा पुण्याच्या मावशीने मला फोनवर ती योजना अर्धा तास समजावली. आमच्याकडे असली योजना 2012 पासून आहे आणि आजची रक्कमही लाडकी बहीणएवढीच, हे तिला अजून पटलेलं नाही.) पगार नाही. प्रवासखर्च मिळतो, ‘मूळ तिकीट जोडल्यास’.

हा नियम लिहिणारा साखळीहून पणजीला खाजगी बसने कधी आलेला नसणार. कदंबाच्या, म्हणजे सरकारी, बसमध्ये मशीन असतं, बटण दाबलं की तिकीट. पण कदंबा तिच्या वेळेला येते आणि मी माझ्या वेळेला उन्हात उभी असते, तेव्हा येते ती खाजगी. तिथे कंडक्टर पैसे घेतो, बोटांत घडी करून अडकवतो, ‘फाटीं वच, फाटीं वच’ म्हणत आपल्याला मागे ढकलतो आणि विषय संपतो. तिकीट हा प्रकार त्या व्यवहारात नसतोच.

मी ते मागितलं.

‘कितें जाय?’

‘तिकीट.’

त्याने शिट्टी तोंडातून काढली. पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळल्या. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गाण्याचा आवाज कमी केला. या बसमध्ये गाण्याचा आवाज कमी झालेला मी तोवर ऐकला नव्हता.

‘तूं आरटीओचें गो?’

नाही म्हटलं, मी इंटर्न आहे. ऑफिसात बिल लावायचंय. खिडकीशी बसलेले एक आजोबा, मांडीवर नारळांची पिशवी, लगेच मदतीला आले. ‘म्हणजे शिकाऊ,’ त्यांनी सगळ्या बसला सांगितलं. पगार किती, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. नाही म्हटल्यावर बसमध्ये जी हळहळ पसरली ती खरी होती. नारळवाले आजोबा म्हणाले, पगार देत नाहीत आणि तिकीट मागतात? कंडक्टरचा संशय मात्र तेवढ्यात मावळला. आरटीओचा माणूस बिनपगारी असू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मग तो कामाला लागला. ड्रायव्हरसमोरच्या गणपतीच्या तसबिरीमागून त्याने एक कागद ओढला. कुठल्याशा गावच्या देवळातल्या कालोत्सवाची जाहिरात, तीन अंकी संगीत नाटक, पाठ कोरी. ती माझ्या पाठीवर ठेवून (बसमध्ये दुसरी सपाट जागा नव्हती) तो लिहायला लागला. मी म्हटलं, या आठवड्याचं सगळं एकत्रच लिहा. लिहिलं, पण मी सांगितलं तसं नाही. सोमवारची परतीची फेरी त्याने उडवली. ‘सोमारा तूं दुसऱ्या बशीन गेलें.’ मी गेले होते खरी, पण पैसे तर दिले होते ना? त्याला दिले नव्हते. मग तो कसं लिहिणार? बुधवारचे पाच रुपये सुट्ट्यांअभावी त्याने परत केले नव्हते, तेही आठवून मांडले. शेवटी ‘मेळ्ळे’ (मिळाले) लिहून खाली सही ठोकली. एवढं कडक ऑडिट आमच्या ऑफिसातही होत नसेल, आणि हे खड्ड्यातून जाताना, माझ्या मणक्यावर.

या माणसाबद्दल आणखी लिहायला हवं, कारण ऑफिसात कुणालाच ते नको आहे. तो डिचोलीहून कुणाच्या औषधाची पिशवी घेतो आणि मधल्या गावात धावत्या बसमधून नेमकी त्या माणसाच्या हातात टाकतो. एका म्हातारीकडून तो पैसे घेत नाही. ‘दयानंद जमा जावंदी,’ म्हणतो. दयानंद म्हणजे भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने सरकार देतं ती महिन्याची 2000 रुपयांची मदत. ती खात्यात आली की म्हातारी मागचा हिशेब चुकता करते. थोडक्यात, सरकारी पैसा उशिरा येतो तेव्हा मधली फट हा कंडक्टर बुजवतो. मी हे टिपण करून व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण किस्सा आहे, डेटा नाही.

बरं, डेटा. अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात मीच लिहिलंय की जगात 2 अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांतले 60 टक्क्यांहून जास्त, असंघटित क्षेत्रात आहेत. हा आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, 2018 मधला आकडा आमच्या प्रत्येक अहवालात असतोच. हे 2 अब्ज लोक बसने जात असतील आणि त्या बसमध्येही तिकीट मिळत नसेल, हे त्याच अहवालाची बिलं तपासणाऱ्याला का सुचू नये? असंघटित क्षेत्राचा अभ्यास करायचा, पण त्याची पावती मात्र संघटित पाहिजे.

2015 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक इंटर्न, न्यूझीलंडचा 22 वर्षांचा मुलगा, भाडं परवडेना म्हणून तंबू ठोकून राहिला होता. जगभर बातम्या झाल्या, त्याने इंटर्नशिप सोडली आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला पगार नाही तो नाहीच. सगळेच तसे नाहीत, आयएलओ मानधन देते. पण ‘अनुभव मिळतो ना’ हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकते ते सगळे पगारदार आहेत. माझ्याबरोबरच्या दोघांपैकी एकीच्या काकांचा पणजीजवळ दोनापावलला फ्लॅट आहे, दुसऱ्याला घरची गाडी सोडते. गरिबीवर फुकट संशोधन करायला आधी घरी थोडी श्रीमंती लागते. माझ्या घरी बाबा सगळ्यांना ‘युनोत आहे’ सांगतात आणि सकाळी बसचे पैसे काढून देतात.

बिलाला मी उत्तर पाठवलं. जाहिरात उलटी करून पाहावी, मजकूर मागे आहे. शिवाय पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘प्रवेश विनामूल्य’ लिहिलंय, तेव्हा मनोरंजनावर खर्च झालेलाच नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं: मनोरंजन विनामूल्य असल्यास दावा केलेल्या रकमेचं स्वरूप स्पष्ट करावं. त्याखाली पर्याय म्हणून, सेवा पुरवठादाराने सोबतचा नोंदणी अर्ज भरून दिल्यास विचार करता येईल. अर्जात बँकेचा तपशील, करदाता क्रमांक, बालकामगार न ठेवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि पर्यावरणविषयक धोरण. शेवटच्या रकान्यापाशी मी बसच्या मागून निघणारा धूर आठवून थोडा वेळ थांबले.

आज सकाळी तो अर्ज छापून घेऊन गेले. कंडक्टरने तो उभ्या उभ्या चाळला, दोन पानं नारळवाल्या आजोबांनाही दाखवली.

‘हें भरलें जाल्यार तुका पयशे मेळटले?’

हो म्हटलं.

‘आनी म्हाका कितें?’

तुम्हाला काही नाही.

त्याने अर्ज घडी करून माझ्या हातात दिला. ‘मागीर फाटीं वच.’