लाव्हा म्हणजे आग नव्हे
ज्वालामुखीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातली दोन विधानं खटकली. एक, ‘पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हारस उकळतो आहे’. पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातं आणि ते जवळजवळ सगळं घन खडकाचं आहे. भूकंपाच्या एस-लहरी (खडक आडवा हलवत जाणाऱ्या लहरी) द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र आरपार जातात. त्या अडतात थेट प्रावरणाखालच्या द्रव बाह्यगाभ्यापाशी. प्रावरणातला हा घन खडक अतिशय मंद गतीने वाहतो. वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो, वितळणबिंदू उतरतो आणि जास्तीची उष्णता न मिळताही त्याचा थोडा भाग वितळतो. वितळण्याचा विचार करताना आपण बहुधा फक्त तापमान लक्षात घेतो, दाब विसरतो, म्हणूनच कदाचित हा गैरसमज टिकतो.

दुसरं, ‘जळता लाव्हा’. लाव्हा जळत नाही! ज्वलनाला इंधन लागतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग व्हावा लागतो. बेसॉल्टचा (गोठल्यावर काळा खडक होणारा) लाव्हा ११००-१२०० अंश सेल्सिअसला लालकेशरी दिसतो तो लोहाराच्या भट्टीतल्या पहारीसारखा, निव्वळ तापल्यामुळे. वाटेतली झाडं पेटतात, ती खरी आग.

मुलांना हे दाखवायला सह्याद्रीसारखी जागा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर घाटात एकावर एक उघडे दिसतात. खडकातली बारीक भोकं म्हणजे द्रव गोठताना अडकलेले वायूचे बुडबुडे. पुढे पाण्याने त्यांत स्टिल्बाइटसारखी स्फटिकरूप खनिजं भरली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हन्साइट हे निळं खनिज तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पुढच्या लेखात यावर जरूर लिहा.