सिस्टर, मुलाखतीला जाताना खाटा मोजू नका

बीएस्सी नर्सिंग झाल्याबद्दल अभिनंदन. चार वर्षं तुम्ही ॲनाटॉमी घोकलीत, केअर प्लॅन लिहून बोटांना घट्टे पाडून घेतलेत, लॉगबुकवर सही मिळावी म्हणून लेबर रूमच्या सिस्टरांच्या मागे मागे हिंडलात, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या निकालाची वाट पाहिलीत आणि शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांकही पदरात पाडून घेतलात. आता हे सगळं थोडा वेळ विसरा. खासगी हॉस्पिटलात मुलाखत आहे. तिथे आधी ड्रेस बघतात.

पांढरा ड्रेस घालू नका. पांढऱ्या ड्रेसमध्ये रिसेप्शनपाशी बसलात की पाच मिनिटांत कुणीतरी नातेवाईक येऊन विचारणार, "ओ सिस्टर, आमच्या पेशंटची सलाईन संपली, बघता का?" तुम्ही सवयीनं उठणार, वॉर्डात जाणार, सलाईन बंद करून येणार, आणि तेवढ्यात आत तुमचं नाव पुकारलं गेलेलं असणार. फार भडक रंगही नको, मॅट्रन मॅडमना तो वॉर्डात दिसायला लागतो. फार फिकाही नको, आजारी दिसता. फिकट निळा किंवा बदामी सलवार-कमीज, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन करून, हे दोनच रंग आणि हा एकच प्रकार असा आहे ज्यावर आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही, कारण तो घातलेली मुलगी कुणाच्या लक्षातच राहत नाही. तेच तर साधायचं आहे.

साडी नेसावी का, असं बऱ्याच जणी विचारतात. नेसा की. रात्रीच्या एसटीनं लातूरहून निघून पुण्यात उतरेपर्यंत त्या साडीच्या निऱ्या जितक्या टिकतील तितकी तुमची सहनशक्ती, असा हिशोब पॅनल आपोआप करतं. केसांचा अंबाडा घाला, वर काळी जाळी. एक बट सुटली तरी चालत नाही, कारण जी मुलगी केस सांभाळू शकत नाही ती आयसीयू काय सांभाळणार? हा प्रश्न केस फारसे न उरलेले गृहस्थच विचारतात, तेव्हा हसू दाबायचा सराव आरशासमोर करून ठेवा.

दागिन्यांचं मात्र नीट समजून घ्या. कोपराखाली काही नको, हा संसर्ग टाळण्याचा नियम तुम्ही पहिल्या वर्षापासून शिकलात: अंगठी नाही, बांगडी नाही, नेलपॉलिश नाही, नखं कापलेली. शास्त्र म्हणून अगदी बरोबर आहे. फक्त पॅनलवर मॅट्रन मॅडम आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर अशा दोघी शेजारी बसलेल्या असतील. मनगटावर घड्याळ असलं तर दुसऱ्या विचारतील, "हे काय? नियम माहीत नाही?" आणि नसलं तर पहिल्या विचारतील, "पल्स काय अंदाजानं मोजणार?" म्हणून छातीवर उलटं लटकणारं, सेकंदकाटा असलेलं पिनचं घड्याळ घ्या. ते लावलंत की दोघी खूश होतात आणि पगाराचं बोलताना तुमच्यावर नाराज असायला त्यांच्याकडे दुसरं कारण शोधावं लागतं.

मेहंदीचं विसरू नका. चुलत बहिणीच्या लग्नात हौसेनं कोपरापर्यंत काढून घेतली असेल, तर मुलाखत पुढे ढकलता येते का बघा. रंगलेले हात दिसले की पॅनल एकमेकांकडे बघतं आणि अत्यंत मायेनं विचारतं, "लग्न ठरलंय का?" हा भारतीय नर्सिंगमधला सर्वांत महत्त्वाचा क्लिनिकल प्रश्न आहे. ठरलं असेल तर तुम्ही लग्नानंतर सोडून जाणार. ठरलं नसेल तर ठरेल आणि सोडून जाणार. झालं असेल तर रजेवर जाणार. मंगळसूत्र ओढणीखाली लपवून गेलेल्या मुली मला माहीत आहेत, आणि लग्न झालेलं नसताना "मिस्टर इथेच नोकरीला आहेत" असं ठोकून दिलेल्याही. ब्रदर मंडळींना हा प्रश्न विचारत नाहीत. त्यांना फक्त इतकंच विचारतात की नर्सिंगच का केलं, एमबीबीएसला नंबर लागला नाही का? दाढी करून जा. उत्तर काहीही द्या.

फाईलकडे येऊ. बटणाचा प्लॅस्टिकचा फोल्डर हवा, पारदर्शक, म्हणजे तुमचं पारदर्शक असणं बाहेरूनच दिसेल. त्यात दहावी-बारावीपासूनच्या गुणपत्रिका, कौन्सिलचं प्रमाणपत्र, हिपॅटायटिस बीच्या तिन्ही डोसांचं कार्ड, कॉलेजचा चारित्र्याचा दाखला आणि झेरॉक्सचे दोन संच. मूळ कागदपत्रंही घ्या, कारण निवड झाली की ती हॉस्पिटल ठेवून घेऊ इच्छितं. "आमच्याकडे लॉकर आहे, सेफ राहतील," असं सांगतात. किती काळजी! तुमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती भिजली असती. इथे ती दोन वर्षं कोरडी राहतील, तुम्ही मागितलीत तरी कोरडीच राहतील. सोबत, मधेच नोकरी सोडणार नाही अशा बाँडसाठी पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर, तो तुमच्या खर्चानं. जुना शंभरचा आता चालत नाही. काही ठिकाणी सही केलेला कोरा चेकही मागतात. खात्यात पैसे नसले तरी हरकत नाही, विश्वास महत्त्वाचा.

पर्समध्ये नॉरसेट या एम्सच्या नर्स भरती परीक्षेच्या प्रश्नसंचाचं जाडजूड पुस्तक असेल तर ते मैत्रिणीकडे ठेवून आत जा. "सरकारी परीक्षा देताय का?" या प्रश्नाला एम्स हे नाव पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा करायचा आहे. जमत नसेल तर गावातल्या आजीचा चेहरा आठवा.

आता अभ्यास. तुम्ही बिचाऱ्या रात्रभर उजळणी करून जाता. पोटॅशियम क्लोराईड कधीही थेट शिरेत पुश करायचं नाही, पातळ करून सावकाश चढवायचं. गुलाबी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची नळी, 20 नंबरचा, निळा 22, पिवळा 24, हिरवा 18. सुई पांढऱ्या डब्यात, रक्तानं भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनचा सेट लाल पिशवीत, काचेची व्हायल निळ्यात. सीपीआरला 30 वेळा छाती दाबायची आणि 2 वेळा श्वास द्यायचा. पेशंटची शुद्ध मोजायचं ग्लासगो स्केल 3 पासून 15 पर्यंत. सगळं पाठ आहे ना? छान. यातलं एखादं विचारतीलही, पॅनलवर जुन्या वळणाच्या सिस्टर असल्या तर, आणि तुम्ही उत्तर द्यायला लागलात की एचआरवाले मध्येच घड्याळ बघतील. खरे प्रश्न पुढे आहेत. बिलिंगचं सॉफ्टवेअर येतं का? एका वापरलेल्या ग्लोव्हजच्या जोडीची नोंद सिस्टिमला राहिली तर ते पैसे कुणाच्या पगारातून जावेत असं तुम्हाला वाटतं? नाईटला घरचे सोडतील का? आणि सर्वांत आधी, खास इंग्रजीत, "टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ." इंग्रजीचं दडपण घेऊ नका. ते मुलाखतीपुरतंच आहे. त्यानंतर तुम्हाला आयुष्यभर "आजी, कूस बदला", "काका, नळी ओढू नका" आणि "मावशी, भांडं आणा" एवढंच बोलायचं आहे.

कॉलेजात लॅम्प लायटिंगच्या दिवशी हातात दिवा धरून तुम्ही आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाची शपथ घेतली होती. ती त्यांनी लिहिलेली नाही. 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या एका नर्सिंग शाळेच्या समितीनं ती तयार केली. डॉक्टरांना निष्ठेनं साहाय्य करीन, ही भर तिथली. स्वतः बाई वेगळ्याच होत्या. क्रिमियन युद्धात किती सैनिक जखमांनी गेले आणि किती घाणीनं आणि रोगराईनं, याचे रंगीत तक्ते काढून त्यांनी ब्रिटिश सरकारच्या तोंडावर ठेवले होते. मुलाखतीला जाताना दिवा घेतलेली बाई बरोबर न्या. तक्तेवालीला घरी ठेवा. 12 मेला, नर्स दिनी, केक तिच्या नावानं कापतात, पण ती अर्ज घेऊन आली तर तिला घेतील असं मला वाटत नाही.

कारण तक्तेवाली काय करेल? लिफ्टनं वर येताना वॉर्डात डोकावेल आणि खाटा मोजेल. मग विचारेल, "रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?" भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स आणि आयसीयूत एका रुग्णाला एक, असा आहे. तुम्ही तो परीक्षेत लिहून गुणही मिळवलेत. तेवढाच त्याचा उपयोग. इथे तो प्रश्न विचारला की पॅनलवरचे सगळे एकदम पाणी पितात आणि मग कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडे टीमवर्क आहे." टीमवर्क म्हणजे वीस खाटा, एक तुम्ही आणि एक मावशी, ज्या खालच्या मजल्यावरही लागतात.

खाटा न मोजण्याचं दुसरं कारण पगाराचं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं. 29 जानेवारी 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं खासगी नर्सेसच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितलं. समितीनं शिफारस करताना खाटाच मोजल्या. 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका. 100 ते 200 असतील तर त्यापेक्षा फार तर 10 टक्के कमी. 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी. आणि 50 पेक्षा कमी खाटांचं अगदी छोटं नर्सिंग होम असलं तरी 20,000 रुपयांच्या खाली जायचं नाही. केंद्रानं तशी पत्रं राज्यांना धाडली. पत्रं पोचली असावीत, पोस्टावर आपला विश्वास आहे.

तेव्हापासून आपल्याकडे इमारतींना एक विलक्षण शक्ती प्राप्त झाली आहे. बाहेरच्या फलकावर जे 'सुपरस्पेशालिटी' असतं, ज्याच्या जाहिरातीत खाटा, ऑपरेशन थिएटरं आणि कॅथलॅब दिमाखात मोजून दाखवलेली असतात, तेच हॉस्पिटल पगाराचा विषय निघाला की डोळ्यांदेखत आकसतं. "मॅडम, आमचं छोटंसं हॉस्पिटल आहे, एका फॅमिलीसारखं." फॅमिलीत कुणी पगार मागतं का? तुमच्या आईनं कधी मागितला? मग 'फ्रेशर आहात' येतं, त्यानंतर 'पहिले सहा महिने ट्रेनिंग' येतं, आणि शेवटी एका कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीनं लिहिलेला बारा हजारांचा आकडा तुमच्याकडे सरकवला जातो. पेन्सिलीनं अशासाठी, की पीएफ कापून खोडता यावा. तुमच्या कॉलेजची एका वर्षाची फी वडिलांनी यापेक्षा कितीतरी जास्त भरली होती, हे त्या क्षणी आठवणारच. आठवू द्या, पण चेहऱ्यावर येऊ देऊ नका. "अपेक्षा काय?" असं विचारलं तर एकच उत्तर आहे: "सर, मला आधी शिकायचंय." हे वाक्य ऐकून एचआरच्या डोळ्यांत पाणी येतं. असं म्हणणाऱ्या मुलींपैकी किती वर्षभर टिकतात हे त्यांनाही ठाऊक असतं, म्हणून तर पुढच्या सोमवारी परत वॉक-इन असतो.

राहायची सोय आहे का, तेही विचारू नका. "होस्टेल आहे" असं म्हणतात, आणि ते असतंही, टेरेसवरच्या पत्र्याखाली, एका खोलीत आठ जणी, पण नाईटवाल्या दिवसा झोपतात आणि मॉर्निंगवाल्या रात्री, त्यामुळे खाट चारांनाच लागते. बघा, खाटांची टंचाई असली की हॉस्पिटलाला उपाय सुचतोच. बाहेर खोली घ्यायला गेलात तर घरमालकीणबाई मुलाखत परत पहिल्यापासून घेतील, लग्नाच्या प्रश्नासकट, आणि रात्री आठला बाहेर पडून सकाळी नऊला परतणारी मुलगी सोसायटीला कशी समजावून सांगायची हे तुम्हीच त्यांना सुचवायचं आहे. तिथे मात्र पांढरा ड्रेस घालून जा.

एवढं सगळं नीट पार पडलं, ओढणीची पिन सुटली नाही, खाटा मोजल्या नाहीत, शिकायचंय असं दोनदा म्हणून झालं, तर दुपारी दोनच्या सुमाराला मॅट्रन मॅडम तुम्हाला केबिनमध्ये बोलावतील. अकराला बोलावलं होतं हे तुम्ही काढू नका, त्या राउंडला होत्या. त्या म्हणतील, "सिलेक्ट झालीस. आजच नाईटला थांबशील का गं? एक सिस्टर अचानक सोडून गेली." हो म्हणा. एसटीचं परतीचं तिकीट आरक्षित केलेलं असेल तर ते तुमच्या नशिबानं गेलं समजा. युनिफॉर्म शिवून यायला वेळ लागतो आणि त्याचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात, तेव्हा आज तुमच्या फिकट निळ्या ड्रेसवर चढवायला त्या गेलेल्या सिस्टरचा ॲप्रन मिळेल. थोडा ढगळ असेल. खिसे तपासून घ्या. एका खिशात संपत आलेला चिकटपट्टीचा रोल सापडेल आणि दुसऱ्यात जर्मन भाषेच्या क्लासची पावती. क्लासचा फोन नंबर तेवढा टिपून ठेवा.