आप्पांना विचारा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये मी गेली १८ वर्षे हिशेब लिहितो आहे, आणि ज्याच्या गळ्यात रोजकीर्द आहे त्याच्या गळ्यात आणखी काही लिहिण्याचे काम कोणी घालणार नाही, अशी माझी समजूत होती. पुण्याहून शिकून आलेल्या धाकट्या शेठजींनी ती एका सोमवारी मोडून काढली. मिलचे सारे ज्ञान आप्पा मिस्त्रींच्या डोक्यात आहे, ते उद्या निवृत्त झाले तर काय, असा प्रश्न करून त्यांनी मिलची स्वतंत्र विकी, म्हणजे सर्वांनी मिळून लिहायचे संकेतस्थळ, सुरू झाल्याचे जाहीर केले आणि माझे अक्षर चांगले असल्याच्या कारणावरून तिची व्यवस्था माझ्याकडे सोपवली. संगणकावर सर्वांचे अक्षर सारखेच उमटते, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

पहिला गोंधळ नावाचाच झाला. 'आता सगळे विकीवर टाकायचे,' हे ऐकून हमालांची अशी खात्री झाली की, विकी हा शेठजींचा कोणी मेहुणा असून तो लवकरच कामावर रुजू होणार आहे, आणि त्याच्यावर काय काय टाकता येईल याची यादी त्यांनी दुपारपर्यंत तयारही केली. मी रात्री जागून माहिती काढली आणि दुसऱ्या दिवशी सर्वांना समजावून सांगितले की, वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या 'विकी विकी' बसवरून त्यांनी हे नाव घेतले आणि हवाई भाषेत त्याचा अर्थ 'चटकन' असा होतो. त्यातील कोणतेही पान कोणीही दुरुस्त करू शकतो, कोणी केव्हा काय बदलले याची नोंद 'इतिहास' या सदरात राहते आणि बिघडलेले पान पुन्हा पूर्ववत करता येते. एवढे ऐकून आप्पांनी शांतपणे विचारले, "भाऊ, हाई विमानतळनी गाडी आठे काय कामनी शे?"

मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात. आमच्या मिलमध्ये टरफलांची भुकटी संगणकाच्या कळफलकावर सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा बसते. त्यामुळे सरावाची वेगळी सोय करण्याची गरज मला वाटली नाही.

खरा प्रसंग तुरीच्या पानावर आला. हरभऱ्याचे टरफल लवकर सुटते, पण तुरीच्या टरफलाखाली डिंकासारखा चिकट थर असतो, आणि म्हणून तिला रोलवर ओरखडे पाडून, तेल चोळून, पाणी देऊन उन्हात वाळवावे लागते. पाणी किती द्यायचे आणि वाळवण किती दिवस ठेवायचे, यातच सगळा धंदा आहे. अंदाज चुकला की डाळ कमी आणि चुरी जास्त. आप्पा हे कसे ठरवतात, असे मी वही घेऊन त्यांना विचारले. त्यांनी मूठभर तूर उचलली, एक दाणा दाढेखाली फोडला आणि म्हणाले, "कुटकन वाजनी पाहिजे." मी तसेच लिहिले. तासाभरात प्रतवारी तपासणाऱ्या तरुण अभियंत्याने त्यापुढे 'संदर्भ हवा' असा शेरा मारला. मी संदर्भ म्हणून 'आप्पांची दाढ' असे लिहिले. त्याने ते काढून आर्द्रतेची टक्केवारी घातली. संध्याकाळच्या पाळीच्या मुकादमाने ती खोडून 'कुटकन नव्हे, कटकन' अशी दुरुस्ती केली. आठवडाभर या दोन शब्दांमध्ये पान इकडून तिकडे हेलकावे खात राहिले आणि शेवटी सर्व पक्षांना मान्य होईल असे एकच वाक्य मी तेथे ठेवले: आप्पांना विचारा. पुढे रोलची दुरुस्ती, चाळणीचे क्रमांक, बारदानाचा साठा अशी जी जी पाने उघडली, त्या सर्वांवर हेच वाक्य आपसूक येऊन बसले.

याला अपवाद एकाच पानाचा होता, आणि ते भरीत पार्टीचे होते. बामणोदची वांगी कोणाकडून आणावीत, ती कपाशीच्या काड्यांवर भाजावीत की तुरीच्या, कळण्याच्या पिठात उडीद किती असावेत, हे सर्व तेथे इतक्या काटेकोरपणे नोंदले गेले की, विकी यशस्वी झाल्याचा पुरावा म्हणून धाकटे शेठजी पाहुण्यांना तेच पान दाखवत असत.

श्रावणात आप्पा कानबाई देवीच्या उत्सवातील रोटांसाठी गावी गेले. हवा दमट, तूर अंगणात पसरलेली, आणि आप्पांचा फोन वाजंत्रीच्या आवाजात बुडालेला. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. मी मोठ्या विश्वासाने तुरीचे पान उघडले आणि माझ्याच हाताने लिहिलेले वाक्य सर्वांसमक्ष वाचले. नंतर पसरलेल्या शांततेत कोणीतरी दाण्यांची मूठ माझ्यापुढे केली. मी एक दाणा दाढेखाली घेतला. कुटकन आवाज आला, सर्वांना समाधान वाटले आणि तूर रोलवर गेली. तो आवाज तुरीचा नसून दाढेत भरलेल्या चांदीचा होता, हे मला आधी कळले आणि मिलला चुरीचे पोते भरताना कळले.

दंतवैद्याकडून परतल्यावर एका बाजूचा गाल धरून मी ते पान सविस्तर लिहून काढले: पाण्याचे माप, उन्हाचे दिवस, पावसाळ्यातील जादा वाळवण, आणि दाणा स्वतःच्या दातानेच फोडावा ही सूचनाही. आप्पा परत आल्यावर त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, मान हलवली आणि मला आलेला चहा स्वतः पिऊन ते निघून गेले. रात्री मी इतिहास उघडून पाहिला. नातवाच्या मदतीने आप्पांनी आयुष्यातील पहिले संपादन केले होते. माझा सगळा मजकूर गेला होता आणि त्याच्या जागी एकच ओळ होती.

"आप्पाले इचारा."