वक्ता म्हणून बोलावणे आल्यास

विज्ञानकथा आवडणाऱ्या वाचकांचा एक दोन दिवसांचा मेळावा नुकताच एका जिल्ह्याच्या गावी पार पडला आणि तेथील परिसंवादात बोलण्यासाठी मलाही बोलावणे होते. शनिवार-रविवार गाठून असे मेळावे आता ठिकठिकाणी भरू लागले आहेत, वक्त्यांची मागणी वाढली आहे, आणि आज ना उद्या आपल्यालाही असे बोलावणे येणार हे उघड आहे. ऐन वेळी आपली तारांबळ उडू नये म्हणून व्यासपीठावर बसून जे काही शिकायला मिळाले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

आयोजकांचा दूरध्वनी आल्यावर प्रथम विषय विचारू नये. तो उतावीळपणा दिसतो. गाडी वातानुकूलित आहे का, खोलीतला गिझर चालतो का, मानधन पाकिटातून मिळणार की खात्यात जमा होणार, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निमंत्रणपत्रिकेत आपला फोटो कोणाच्या शेजारी व केवढा आहे, एवढी चौकशी केली की तयारी झाली. विषय बहुधा ‘मराठी विज्ञानकथा : दशा आणि दिशा’ हाच असतो. दशा वाईट आहे आणि दिशा तरुणांनी ठरवायची आहे, हे दोन्ही निष्कर्ष पूर्वीपासून ठरलेले असल्यामुळे मधली जागा कशानेही भरता येते.

वेळेवर पोहोचू नये. खुर्च्या मांडणाऱ्या मुलांना उगाच संकोच वाटतो.

स्वतःचा परिचय स्वतःच लिहून पाठवावा आणि तो दोन पानांहून कमी नसावा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, कारण आपले नाव पाहून परीक्षकांनी निवाडा करावा हे त्यांना नको होते. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग खरे नाव बाहेर आले. हा किस्सा आपण भाषणात अवश्य सांगावा. सगळेच सांगतात; आमच्याकडे तो उद्घाटनातही झाला आणि परिसंवादातही झाला. मात्र त्यापूर्वी निवेदिकेने आपले पुरस्कार, आपण भूषवलेली पदे आणि आपले परदेशदौरे सावकाश वाचून दाखवलेले असावेत, आणि त्यांतला एखादा पुरस्कार राहून गेल्यास तिला मध्येच थांबवून तो जागच्या जागी वाचायला लावावा. टोपणनावाच्या गोष्टीला त्यानंतर जो रंग चढतो तो काही वेगळाच.

उद्घाटनाबद्दल मी आपल्याला नवे काय सांगणार? पाहुणे दहाला यायचे ते साडेबाराला आले. पंख्याच्या वाऱ्याने समईच्या वाती विझत राहिल्या आणि पंख्याचे बटण कोठे आहे हे ठाऊक असलेला माणूस शेवटपर्यंत सापडला नाही. ‘व्यासपीठावर उपस्थित’ ही नामावळी प्रत्येक वक्त्याने नव्याने म्हटली, आणि ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असे म्हणून प्रत्येकाने तो घेतला. परिणामी दीड तासाच्या परिसंवादाला पंचवीस मिनिटे उरली. यात कोणाचा दोष काढू नये. उद्घाटन आखडता येत नाही, कारण पाहुणे रागावतील. जेवण पुढे ढकलता येत नाही, कारण आचाऱ्याने पुऱ्या तळायला घेतलेल्या असतात. तेव्हा कापण्याजोगे काय उरते, तर ज्यासाठी लोक पहाटेची एसटी पकडून आले ते.

आता मुख्य सूचना : विषयाची तयारी करू नये. पूर्वी यासाठी निदान धैर्य लागत असे. आधीचा वक्ता बोलत असताना निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर चार मुद्दे खरडावे लागत आणि ते खरडताना लोकांना दिसू नये अशी धडपड करावी लागे. आता ती अडचण राहिलेली नाही. चॅटजीपीटीला विषय सांगितला की गाडी टोलनाका ओलांडेपर्यंत भाषण तयार होते, आणि ते वाचून पाहण्याचीही गरज नसते, कारण व्यासपीठावर ते वाचायचेच असते. माझ्या शेजारी बसलेल्या वक्त्यांनी हीच पद्धत स्वीकारली होती. ते अंगठ्याने पडदा वर सरकवीत वाचत होते आणि कोणाचा संदेश मध्येच पडद्यावर उतरला की त्यांचे वाक्य तेवढ्यापुरते तुटत होते. ‘मराठीत विज्ञानकथा जवळजवळ लिहिलीच गेली नाही’ या आरंभीच्या वाक्याने त्यांनी द. पां. खांबेटे, भा. रा. भागवत, निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे आणि सुबोध जावडेकर यांना एकदम निकालात काढले. तेही नावे न घेता, कारण नावे ठाऊकच नव्हती. पुढे आवाज चढवून त्यांनी या ओसाड प्रदेशातील दोन अपवाद म्हणून दोन कादंबऱ्या सांगितल्या. शीर्षक, लेखक आणि प्रकाशनाचे साल यांसह सांगितल्या. या कादंबऱ्या कोणीही लिहिलेल्या नाहीत. त्या यंत्राने विचारणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून रचून दिल्या होत्या, आणि दोन दिवसांच्या त्या मेळाव्यात अस्सल कल्पित म्हणता येईल असे जे काही सादर झाले ते एवढेच.

तिसऱ्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, असे चहाच्या वेळी त्यांच्याकडूनच कळले होते. त्यांच्या कापडी पिशवीत ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांचे जुने दिवाळी अंक होते, फाटलेल्या पाठीला खाकी कागद चिकटवलेले, आणि एक दोनशे पानी वही होती, जिच्यात त्यांनी कथा, लेखक, अंक आणि वर्ष असे रकाने आखून वाचलेल्या प्रत्येक विज्ञानकथेची नोंद ठेवली होती. ती वही त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली, मग हात वर केला, आणि माइक बराच वेळ न आल्याने तसेच उभे राहून विचारले, ‘साहेब, या दोन पुस्तकांचे प्रकाशक कोण? माझ्या यादीत नाहीत. मिळाली तर घ्यायची आहेत.’ त्यांना कोणाला पकडायचे नव्हते. पुस्तके हवी होती. त्यावर व्यासपीठावरून उत्तर आले, ‘काका, ऑनलाइन सगळे मिळते, फक्त शोधता आले पाहिजे.’ सभागृह हसले. कोणाला हसले? ज्याने न वाचता बोलण्याचे पैसे घेतले त्याला नव्हे. ज्याने आयुष्यभर वाचले आणि एक साधी माहिती विचारली त्याला. आणि त्या गृहस्थांनी ‘बरं’ म्हणून, खाली बसून, ती दोन्ही नावे आपल्या वहीत उतरवून घेतली. आता ते रद्दीच्या दुकानांतून, जुन्या पुस्तकांच्या पथारीवर ही पुस्तके मागत फिरतील आणि प्रत्येक ठिकाणी मान हलवून परत येतील. माझी पाळी आली तेव्हा ही पुस्तके अस्तित्वात नाहीत एवढेच मी सांगू लागलो, तर सूत्रसंचालकांनी माझ्यासमोर चिठ्ठी सरकवली : ‘कृपया वाद नको. जेवण तयार आहे.’

असो. उरलेल्या सूचनांकडे वळावे.

परदेशातील उदाहरणे द्यावीत, पण अर्धी द्यावीत. १९३९ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू झालेल्या वर्ल्डकॉन या विज्ञानकथांच्या जागतिक मेळाव्याला हजारो लोक येतात, पात्रांचे पोशाख करून मिरवतात, हे सांगितले की श्रोते चकित होतात आणि आयोजकांनाही पुढील वर्षी पोशाखस्पर्धा घ्यावीशी वाटते. तेथील बहुतेक वक्ते स्वतःच्या खिशातून सभासदत्वाचे पैसे भरून येतात, सगळा पसारा बिनपगारी स्वयंसेवक सांभाळतात, नावाजलेला लेखक आठ-दहा वाचकांबरोबर एका टेबलाशी कॉफी घेत तासभर बसतो आणि विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार कोणाला द्यायचा हे कोणा समितीऐवजी सभासद वाचक मत देऊन ठरवतात, हे मात्र चुकूनही सांगू नये. उद्या कोणी तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे मत विचारू लागले तर आपण कोठे जायचे?

पुस्तके विकत घेऊ नयेत. ‘सप्रेम’ मागून घ्यावीत.

भोजनासाठी वक्त्यांचा वेगळा मंडप असतो, तेथेच जेवावे. नोंदणीशुल्क भरलेले लोक कूपन धरून उन्हात उभे असतात, त्यांच्याशी नजरानजर झाल्यास पचन बिघडते.

आपण श्रोते म्हणून गेला असाल तर प्रश्न विचारण्यासाठी उठावे आणि ‘माझा प्रश्न असा नाही, पण दोन शब्द मांडतो’ असे म्हणून स्वतःची कविता म्हणावी. आमच्याकडे म्हटली गेली, मंगळावर होती.

प्रश्नोत्तरांत ‘फार छान प्रश्न आहे’ हे उत्तर सर्व प्रश्नांना चालते. बारावीतली असावी अशी एक मुलगी उठली आणि तिने विचारले, की आपल्याकडे विज्ञानकथा दिवाळी अंकांत भयकथा आणि रहस्यकथा यांच्या शेजारी छापली जाते, म्हणून शेवटच्या परिच्छेदात धक्का द्यायची सवय लेखकांना लागली का, आणि तसे असेल तर ज्या कथेत धक्का नाही, केवळ एक विचार शेवटापर्यंत नेलेला आहे, ती कोठे छापायची? दोन दिवसांत त्या सभागृहात बोलले गेलेले हे सर्वांत नेमके वाक्य होते. तिला काय मिळाले? ‘फार छान प्रश्न, यावर स्वतंत्र परिसंवाद घ्यावा लागेल’, आणि पाठोपाठ हल्लीची पिढी मोबाइलमध्ये कशी बुडाली आहे यावर, हातातला मोबाइल हलवीत, दिलेले प्रवचन. तिच्या प्रश्नाला उत्तर होते. दोन्ही बाजूंनी बोलता आले असते. धक्क्यावर तोललेल्या कथाही पुष्कळ आहेत आणि धक्क्यावाचून उभ्या राहिलेल्या कथाही आहेत; तिसऱ्या रांगेतल्या त्या वहीत त्यांची नोंद वर्षवार होती. पण वहीवाल्याला कोणी विचारले नाही आणि मुलीला माइक पुन्हा दिला नाही, कारण स्मृतिचिन्हांचे वाटप व्हायचे होते.

हे सूचनांचे नाटक आता पुरे झाले. सरळच बोलतो.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांनी बोलायला जाऊ नये. यात समजायला कठीण असे काय आहे? दुर्गा भागवत १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. त्यांचा प्रांत लोकसाहित्याचा, तरीही नारळीकरांची ती नवी विज्ञानकथा त्यांनी वाचलेली होती आणि अध्यक्षीय भाषणात तिची दखल घेतली. आपला विषय नसतानाही त्या वाचतात, आणि तुम्ही विषय स्वीकारून, मानधन ठरवून, गाडी मागवून येता आणि एकही पुस्तक उघडत नाही. वाचायला सवड नसेल तर नाही म्हणा. निमंत्रण नाकारण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण कारणे लिहून नाकारले होते. त्यांची कारणे फार मोठी होती आणि तेवढी तुमच्याकडून कोणी मागत नाही. ‘मी या विषयावर काही वाचलेले नाही’ एवढे एका ओळीत कळवा, आयोजक दुसरा माणूस शोधतील. आणि शोधायला फार लांब जावे लागणार नाही, तो नोंदणीच्या टेबलाशी स्वतःचे पैसे भरून उभा आहे.

आणि आयोजकहो, त्या दोन दिवसांत तुम्ही नोंदणीशुल्क कोणाकडून घेतले? पाहुण्यांकडून नाही, आमच्याकडून नाही. ज्यांच्याकडून घेतले त्यांना बोलू द्या. परिसंवादाचा वेळ कापणे बंद करा. पाहुणे उशिरा आले तर त्यांचे भाषण कापा. यंत्राकडून लिहून घेतलेले भाषण वाचणाऱ्याला पुन्हा बोलावू नका. तुमच्या नोंदवहीत त्या एसटीच्या गृहस्थांचा दूरध्वनी क्रमांक असेल. त्यांना आजच कळवा की ती दोन पुस्तके निघालेली नाहीत आणि कोठेही मिळणार नाहीत.