जुनं रिव्हॉल्व्हर घेताय? चकाकीचे पैसे देऊ नका

आज एका बागायतदारांनी हौसेने घेतलेलं जुनं .३२ बोअरचं वेब्ली, म्हणजे इंग्लिश बनावटीचं रिव्हॉल्व्हर, दाखवलं. आरशासारखं लखलखतंय! किंमत ऐकून मात्र डोकं फिरलं. तेवढ्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवंकोरं आलं असतं, वर पैसेही उरले असते.

राग त्यांच्यावर नाही, विकणाऱ्यावर आहे. नळीवरचा शिक्का अर्धा पुसलेला, कडा गोलावलेल्या, स्क्रूची भोकं पसरट. म्हणजे बफ मारून (घासून चकाकी आणून) पुन्हा ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळसर-काळा मुलामा, केलंय. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली, तेव्हापासून ‘विलायती’ म्हटलं की वाट्टेल तो भाव. विलायती फिटिंग सरस होतं, मान्य. पण ते कारखान्यातून निघालं त्या दिवशी.

मंडळी, रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की आधी उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करा. मग सिलिंडरला (ही घरं असलेल्या फिरत्या भागाला) बोटाचा हलका दाब ठेवून घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा भाग) सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर खटकन अडकायलाच हवा, आणि तोही सहाच्या सहा घरांवर. त्या वेब्लीत दोन घरांवर अडकत नव्हता. अशाने घर नळीच्या रेषेत येत नाही, गोळी नळीच्या मागच्या तोंडाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. चढवलेला घोडा अंगठ्याने पुढे ढकलून बघा. चाप न ओढता सुटला तर ते हत्यार तिथेच ठेवा, फुकट दिलं तरी नको.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१० ते ०.२० मिमी ठीक, ०.२५च्या वर गेली तर भाव पाडा किंवा सोडून द्या. मधून मोडून उघडणाऱ्या वेब्लीत आणि कानपुरीतही बिजागरी तपासायची. उघडायचा खटका न दाबता नळी वरखाली हलवा. हलली, तर सुटा भाग बाजारात मिळेल या भरवशावर राहू नका, कारागिराकडून घडवून घ्यावा लागतो. नळीत उजेड टाकून बघा. काळं कडं दिसलं तर आत अडकलेल्या गोळीवर कुणीतरी दुसरी झाडलेली असण्याची शक्यता मोठी, नळी फुगलेली असते. फार जुन्या इंग्लिश हत्यारावर ‘एनपी’ हा नायट्रो प्रूफचा, म्हणजे आधुनिक धूरविरहित दारूसाठी तपासल्याचा, शिक्का शोधा. नसेल तर ते जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठीच तपासलेलं असू शकतं, आजची काडतुसं त्यात घालू नका.

आणि एक, जरा हळवं होऊन लिहितोय. परवानाधारक गेल्यावर घरच्यांना कागदपत्रांची धास्ती वाटते आणि चांगलं, कमी वापरलेलं हत्यार मातीमोल भावाने जातं. खरा किफायतशीर सौदा अशाच घरी मिळतो, म्हणून तिथे रास्त भाव द्या, त्यांना लुबाडू नका. परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. तोवर फक्त विसार द्या. बाकी रक्कम परवान्यावर नोंद झाल्यावर, हत्याराचा नंबर स्वतः जुळवून.